शिंगरू, चीक आणि फुरसं

तळेऱ्याच्या नाक्यावरून चारी दिशांना रस्ते फुटतात. मुंबई-गोवा महामार्ग उत्तर-दक्षिण जातो, एक फाटा पश्चिमेला विजयदुर्गाकडे उतरतो आणि एक पूर्वेला वैभववाडीवरून करूळचा घाट चढून गगनबावड्यामार्गे कोल्हापूर गाठतो. बंदर आणि देश यांच्या मधला हा टप्पा जुना आहे. शेजारच्या खारेपाटणला मिळालेला शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट शके ९३०चा, म्हणजे इ.स. १००८चा आहे आणि त्यात परदेशातून येणाऱ्या गलबतांवरच्या कराचा उल्लेख आहे. हजार वर्षं माल या पट्ट्यातून वर-खाली होतो आहे.

आज या नाक्यावर एसटी दिसेल, हंगामात आंब्याच्या पेट्या भरलेले टेम्पो दिसतील. घोडा दिसणार नाही. सिंधुदुर्गात कुणाच्याही गोठ्यात घोडी व्याल्याची बातमी तुम्ही ऐकली नसेल. बैल, म्हैस, शेळी, कोंबडी ही इथली जनावरं. घोडा आला तर वरातीपुरता, तोही भाड्याने आणि घाटावरून.

तरी घोडा इथे आहे, आरोग्य केंद्राच्या औषधांच्या कपाटात. काजूच्या बागेत पाला गोळा करताना फुरसं चावलं की जे औषध शिरेतून देतात, ते घोड्याच्या रक्तापासून बनतं. घोडा ज्या मुलखात जगला नाही, त्याच मुलखातली माणसं त्याच्या रक्तावर जगतात. हा प्रवास कसा झाला ते शोधायला निघालो तर वाट एका अनपेक्षित जागी पोचते: नुकत्याच व्यालेल्या घोडीच्या तबेल्यात, शिंगराच्या पहिल्या काही तासांपाशी.

*

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून गेला. ठाण्याबद्दल त्याने लिहिलं आहे की तिथल्या राजाने चाच्यांशी करार केला होता: लुटीतलं बाकी सगळं तुमचं, घोडे मात्र माझे. इतकी घोड्यांची टंचाई! अरबस्तान आणि इराणच्या आखातातून दर वर्षी हजारो घोडे या किनाऱ्यावर उतरायचे, सोन्याच्या भावाने विकले जायचे आणि मरायचे. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेवढेच आणावे लागायचे.

पोलोने तमिळ किनाऱ्याबद्दल दोन गोष्टी नोंदवल्या आहेत. पहिली अशी की परदेशी व्यापारी आपल्याबरोबर घोड्याचे वैद्य आणत नसत आणि कुणाला येऊही देत नसत, कारण घोडे जगले तर पुढच्या वर्षीचा धंदा बुडेल. हे व्यापाऱ्यांच्या गप्पांतून ऐकलेलं असू शकतं. पोलो ऐकीव गोष्टी बिनदिक्कत लिहायचा. पण हिशोब म्हणून तो पटतो. ज्ञान दाबून ठेवून बाजार टिकवायची युक्ती आजच्या औषध कंपन्यांनी शोधलेली नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तो म्हणतो, इथे उत्तम जातीच्या मोठ्या घोडीला उत्तम घोडा दाखवला तरी होणारं शिंगरू लहानखुरं आणि वाकड्या पायांचं निघतं, बसायच्या उपयोगाचं नसतं. त्याच प्रकरणात घोड्यांना भात आणि शिजवलेलं मांस खायला घालत असल्याचंही तो सांगतो. त्याने या दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या नाहीत. आज आपण जोडू शकतो.

घोडी साधारण अकरा महिने गाभण असते. शेवटच्या तीन महिन्यांत पोटातलं शिंगरू सगळ्यात वेगाने वाढतं आणि त्याच्या हाडांसाठी लागणारं कॅल्शियम आईच्या खाण्यातून नाहीतर आईच्या हाडांतून येतं. भात आणि त्यातही कोंडा यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. हे प्रमाण उलटं झालं की घोड्याचं शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी हाडं पोखरायला लागतं. गिरणीवाल्यांचे घोडे कोंड्यावर पोसले जात आणि त्यांची तोंडाची हाडं सुजून येत, म्हणून युरोपात या दुखण्याला गिरणीवाल्याचा रोग असंच नाव पडलं होतं. पोलोने पाहिलेल्या वाकड्या पायांचं हेच एकमेव कारण होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण भातावरची गाभण घोडी म्हटल्यावर माझा पहिला संशय चाऱ्यावर जातो.

आता कोकण डोळ्यांसमोर आणा. जांभ्याची माती, तिच्यातला चुना पावसाने धुऊन नेलेला. चार महिने ओल. चारा म्हणजे भाताचा पेंढा. आणि पावसाळ्यात गोमाशा. गाई-म्हशी यावर निभावतात, कारण त्यांची पोटाची रचना वेगळी. घोड्याला हे झेपत नाही. या मातीत येणारं एक धान्य घोड्याला चालतं, ते म्हणजे कुळीथ. दक्षिणेत लष्करी घोड्यांना कुळीथ घालत, म्हणून इंग्रजांनी त्याचं नावच ‘हॉर्स ग्रॅम’ ठेवलं. आपल्याकडे त्याची पिठी झाली. घोड्याला काय घालणार? घरातच पुरत नव्हते.

घाटाच्या वर सगळंच बदलतं. भीमेच्या खोऱ्यातली काळी माती चुनखडीची, हवा कोरडी, कडबा ज्वारीचा, चंदी हरभऱ्याची. मराठ्यांचा भीमथडी तट्टू तिथे तयार झाला. अंगाने लहान, खाण्यापिण्याला काटक आणि दिवसभर चालणारा. पानिपत-अटकेच्या गोष्टी आपण तलवारींच्या भाषेत सांगतो. त्या काळ्या मातीतल्या कॅल्शियमच्याही गोष्टी आहेत.

*

कोकणात घोडा ठेवणं किती अवघड आहे हे एका माणसाला नेमकं माहीत होतं. १६७०च्या दशकात, राज्याभिषेकाच्या आगेमागे, शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ छावणीला असलेल्या आपल्या पागेच्या जुमलेदार-हवालदारांना एक पत्र लिहिलं. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, या आशयासाठी ते पत्र प्रसिद्ध आहे आणि शाळेपासून आपण ते तेवढंच ऐकतो. पूर्ण वाचलं तर लक्षात येतं की पत्राचा गाभा चाऱ्याचा आहे. पावसाळ्यासाठी साठवलेलं दाणा-गवत आत्ताच मनाला येईल तसं उधळलंत तर ऐन पावसात मिळणार नाही, घोडी उपाशी मरायला लागतील, आणि मग ती तुम्हीच मारलीत असं होईल, असं ते बजावतात. गवताच्या गंजीपाशी आगट्या पेटवू नका, चिलमी ओढू नका, दिव्याची वात उंदीर ओढून नेईल, अशा बारीकसारीक गोष्टीही त्यात आहेत. जनावर मेलं तर दोष नशिबाचा किंवा रोगाचा नाही, व्यवस्थेचा, असं सांगणारं हे पत्र आहे. मला ते राजकीय आज्ञेइतकंच पशुसंगोपनाचं टिपण वाटतं.

सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला बसून बखर लिहिली. तीत पागेची रचना आहे: पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाणी आणि खूर, या दोन गोष्टींसाठी पगारी माणूस. घोडं आजारी पडलं तर पहिली धाव याच नालबंदाकडे असणार. शालिहोत्र हे घोड्याच्या वैद्यकाच्या आद्य आचार्याचं नाव. त्यावरून उत्तरेत घोड्याच्या वैद्याला ‘सलोतरी’ म्हणू लागले आणि इंग्रजांच्या पलटणींतही तोच शब्द शिरला.

संस्कृतात या विषयावर ग्रंथ आहेत. शालिहोत्राच्या नावाचे आहेत, नकुलाचा ‘अश्वशास्त्र’ आहे, जयदत्ताचा ‘अश्ववैद्यक’ आहे. त्यांत औषधं आहेत, पण जागोजागी भर लक्षणांवर. अंगावरचे भोवरे कुठे असावेत, कुठे नसावेत, कोणता भोवरा धन्याला लाभतो, कोणता खातो. गळ्यावरच्या ‘देवमण’ भोवऱ्याचं कौतुक आजही सारंगखेड्याच्या घोडेबाजारात भाव ठरवतं. हे ग्रंथ घोडा विकत घेणाऱ्या राजासाठी लिहिलेले आहेत असं मला वाटत राहतं. रात्री दोन वाजता कंदील घेऊन व्यायला टेकलेल्या घोडीपाशी बसणारा मोतद्दार संस्कृत वाचत नव्हता. घोड्या बहुतेक रात्रीच वितात, आजूबाजूला सामसूम झाल्यावर. तेव्हा जागा कोण असायचा? मोतद्दार. सडांवर मेणासारखा चिकट थेंब जमला की एक-दोन दिवसांत घोडी विणार, हे त्याला माहीत असणार. त्याचं ज्ञान त्याच्याबरोबर गेलं. पागेच्या हिशेबांत त्याचा पगार सापडेल, त्याची अक्कल सापडत नाही.

*

मराठ्यांचं राज्य गेलं तशी पागाही मोडली. इंग्रजांना मात्र घोडे हवेच होते. बंगालमध्ये पुशाला कंपनीची पैदास चालू होती आणि १८०८ साली विल्यम मूरक्रॉफ्ट हा शिकलेला पशुवैद्य तिथे अधीक्षक म्हणून आला. आपल्याकडे शिरूरजवळ आलेगावला मुंबई सरकारची पैदास होती. त्या गावाचं नाव आजही ‘आलेगाव पागा’ आहे. ती फार वर्षं टिकली नाही.

१८६२ साली पुण्यात लष्करी पशुवैद्यकीय शाळा निघाली, हिंदुस्थानातली पहिली. तिथले हॅलन पुढे १८७६ नंतर सगळ्या देशाच्या घोडा-पैदास खात्याचे प्रमुख झाले. २ ऑगस्ट १८८६ला परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय उघडलं, पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील. जोडीला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचा जनावरांचा दवाखाना. डिसेंबर १८८९मध्ये पुण्यातच इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. ती १८९३ साली कुमाऊंतल्या मुक्तेश्वरला हलली आणि तिचीच पुढे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. या लॅबोरेटरीचे डॉ. लिंगार्ड पुण्यात असताना कशावर काम करत होते? सुऱ्यावर.

सुरा हा गोमाशांनी पसरणारा घोड्यांचा रोग. घोडा तापतो, उतरतो, पुन्हा तापतो, पाय सुजतात, खंगून मरतो. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्सने डेरा इस्माईल खानला अशा घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात वळवळणारा एकपेशीय जीव पाहिला आणि हाच रोगाचं कारण आहे असं सांगितलं. वरिष्ठांचा विश्वास बसला नाही. रक्तात असले जीव निरुपद्रवीच असतात, असं तेव्हाचं शास्त्र म्हणत होतं. आज त्या जीवाला इव्हान्सचंच नाव आहे.

घोड्यांच्या पैदाशीला खरा धक्का देणारा रोग दुसरा होता, डौरीन. सुऱ्याच्या जंतूचाच हा भाऊबंद, पण याला माशी लागत नाही. तो घोडी फळवताना पसरतो. म्हणजे सरकारने चांगली शिंगरं व्हावीत म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांत ठेवलेला दमदार घोडाच रोग वाटत फिरू शकतो. सुधारणेची योजना हीच साथीची वाट! यावर १९१०चा डौरीन कायदा आला. रोगी घोडी ठार करायचा, घोडा खच्ची करायचा अधिकार सरकारला मिळाला. त्याआधी १८९९ साली ग्लँडर्सचा कायदा झाला होताच. तो रोग माणसालाही लागतो. टांगेवाल्याचा एकुलता एक घोडा ग्लँडर्सचा निघाला की काय होत असेल याची कल्पना करा. त्याला पशुवैद्य म्हणजे बंदूक घेऊन येणारा माणूस. या दोन्ही कायद्यांची जागा २००९च्या संसर्गजन्य पशुरोगांच्या कायद्याने घेतली, पण ग्लँडर्स आजही सापडतो आणि उपाय आजही तोच आहे.

*

आता त्या रात्रीच्या तबेल्याकडे जाऊ.

शिंगरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगांशी लढणारी प्रतिपिंडं जवळपास नसतात. माणसाच्या बाळाला ती पोटात असतानाच वारेतून मिळतात. घोडीची वार वेगळी असते. आईचं रक्त आणि पोरांचं रक्त यांच्यात इतके थर की प्रतिपिंडांसारखे मोठे रेणू पलीकडे जातच नाहीत. आईने आयुष्यभर त्या तबेल्यातले, त्या मातीतले रोग सोसून जे कमावलं, ते शिंगराला फक्त एका वाटेने मिळतं: चिकातून. आणि ती वाटही थोडाच वेळ उघडी असते. शिंगराच्या आतड्याला मोठे रेणू जसेच्या तसे शोषून घेता येतात ते जन्मानंतरचे काही तास. पहिले सहा-आठ तास मोलाचे, मग दार मिटत जातं, आणि साधारण एका दिवसाने बंद. त्यानंतर बादलीभर चीक पाजला तरी तो फक्त पोट भरतो.

आईच्या दुधातून संरक्षण पोरांत जातं हे पाउल एर्लिखने १८९२ साली उंदरांवर दाखवलं. त्याने पिल्लांची अदलाबदल केली, एकीची पिल्लं दुसरीला पाजायला दिली, आणि संरक्षण दूध पाजणारीकडून आलं हे सिद्ध केलं. दाईच्या दुधाला जागणं ही आपली जुनी भाषा. तिला प्रयोगशाळेत पुरावा मिळाला तो असा.

म्हणून घोडी व्याल्यावर जाणते लोक घड्याळ बघतात. तासाभरात शिंगरू उभं राहायला हवं. दोन तासांत त्याने सड धरायला हवा. तीन तासांत वार पडायला हवी. वार आत राहिली तर घोडीला गायीसारखी सवड नाही. तिला काही तासांतच ताप भरतो, आणि खुरांपर्यंत दुखणं उतरून ती कायमची लंगडी होऊ शकते. शिंगराची नाळ आपोआप तुटू द्यायची, तिथे जंतुनाशक लावायचं. नाहीतर तिथून शिरलेले जंतू सांध्यांत जाऊन बसतात आणि आठवडाभराचं शिंगरू सुजलेल्या गुडघ्यांनी बसून राहतं. धनुर्वाताची भीती तर दोघांनाही. घोड्याइतकं धनुर्वाताला बळी पडणारं दुसरं पाळीव जनावर नाही.

गायीच्या वासराचीही हीच गोष्ट आहे, हे खरवसावर प्रेम करणाऱ्या आपण सर्वांनी ऐकून ठेवावं. वासरू पोटभर प्यायल्यावर जो उरतो त्या चिकाचा खरवस. आधी काढून ठेवलेल्या चिकाचा नव्हे.

*

आणि इथेच घोडा कोकणात येतो. रक्तातलं संरक्षण एका जिवातून दुसऱ्यात नेता येतं ही चिकातली युक्ती माणसाने सुईने करायला घेतली. १८९० साली बेहरिंग आणि कितासातो यांनी धनुर्वात आणि घटसर्प यांच्यासाठी जनावरांच्या रक्तातलं हे संरक्षण दाखवलं. १८९५मध्ये काल्मेतने सापाच्या विषावर तेच केलं. घोड्याला विषाची अगदी थोडी मात्रा टोचायची, हळूहळू वाढवायची, आणि महिन्यांनी त्याच्या रक्तातला पाण्यासारखा भाग घ्यायचा. घोडाच का? अंगाने मोठा, रक्त भरपूर, आणि हाताळायला सवयीचा.

काल्मेतचा समज होता की एकच औषध सगळ्या सापांवर चालेल. मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेत, म्हणजे नंतरच्या हाफकिन संस्थेत, जॉर्ज लँबने दाखवलं की नागावरचं औषध घोणसाच्या विषावर चालत नाही. पुढे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून एक औषध बनू लागलं. हाफकिनच्या तबेल्यांना घोडे लागत. पुण्यातल्या पूनावाला स्टड फार्मचे, म्हणजे १९४६ साली सुरू झालेल्या पैदाशीचे, शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे तिथे जात. आपले घोडे देऊन त्यांच्या रक्ताचं औषध दुसऱ्याने बनवायचं, तर आपणच का नाही, या विचारातून १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. कोविडच्या काळात आपल्यापैकी कित्येकांच्या दंडात जी लस गेली, त्या कारखान्याचं मूळ घोड्यांच्या तबेल्यात आहे.

फुरसं म्हणजे वीतभर-हातभर लांबीचा साप. जांभ्याच्या कातळावर, दगडाखाली, गवतात. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात (तळेरे तेव्हा त्याच जिल्ह्यात, सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ साली) सरकारने फुरसं मारायला बक्षीस लावलं होतं आणि मारलेल्या फुरशांचे आकडे लाखांत गेले होते. फुरसं संपलं नाही. त्याचं विष रक्त गोठण्याची यंत्रणाच मोडतं. हिरड्यांतून, लघवीतून रक्त येत राहतं. यावर उपाय एकच, घोड्याने बनवलेली प्रतिपिंडं. त्यातही एक मेख आहे. औषधासाठी लागणारं विष बहुतेक तमिळनाडूच्या इरुळा सहकारी संस्थेकडून येतं, आणि एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं असं संशोधक सांगत आहेत. तिथल्या फुरशावर तयार झालेला घोडा इथल्या फुरशाला किती ओळखतो, हा सिंधुदुर्गातल्या माणसासाठी पुस्तकी प्रश्न नाही.

दरम्यान भीमथडी तट्टू, जो संपला असं सगळ्यांनी धरून चाललं होतं, तो धनगरांच्या आणि मेंढपाळांच्या तांड्यांबरोबर बिऱ्हाड वाहत जिवंत होता. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने त्याची तपासणी केली आणि अलीकडेच त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली, देशातली आठवी. वाटेवरच, उघड्या माळावर व्यालेल्या घोडीचं शिंगरू दुसऱ्या दिवशी कळपामागे चालू लागतं. तिथे पशुवैद्य नसतो. मोतद्दाराची अक्कल उरली असलीच तर ती या तांड्यांतल्या बायकांकडे आणि म्हाताऱ्यांकडे असावी. कुणी ती लिहून घ्यायला हवी, आणि लवकर.

मोठ्या स्टड फार्मवर मात्र शिंगरू दिवसाचं झालं की त्याच्या रक्ताचा थेंब तपासतात. चीक अंगी लागला की नाही ते कळतं. लागला नसेल, दार बंद झालं असेल, तर दुसऱ्या धडधाकट घोड्याच्या रक्तातला तोच पाण्यासारखा भाग बाटलीत लटकवतात आणि शिंगराच्या मानेच्या शिरेतून थेंब थेंब सोडतात. फुरसं चावलेल्या माणसाला देतात, अगदी तसाच.